प्रश्न कोणी विचारायचा?

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमचं संडे स्कूलही उघडतं. यंदा पहिल्याच आठवड्यात एका आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. 'टीचर, मुलांना थोडं बायहार्ट करायला द्या ना. आमच्या डॅडींना सगळं कॅटेकिझम पाठ होतं.' सोबत डॅडींच्या पुस्तकाचा फोटो. ब्राउन पेपरचं कव्हर, कोपऱ्यांना वाळवी, आत बारीक टाइपात प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर.

अंधेरीच्या एका पाखाडीत मी बरीच वर्षं रविवारी मुलांना श्रद्धाशिक्षण देते. पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी आठ-नऊ वर्षांची मुलं माझ्याकडे असतात. असा निरोप दहा वर्षांपूर्वी आला नसता. तेव्हा पालकांची तक्रार उलटी असायची, की फार पाठांतर आहे, एखादा प्रोजेक्ट द्या. आता जुन्या प्रश्नोत्तरी पुन्हा छापून येतात, कॉलेजातली मुलं मोबाइलवर अमेरिकन पाद्र्यांची व्याख्यानं ऐकून 1885 ची बाल्टिमोर कॅटेकिझम मागवतात. आमच्याच लोकांना सोडून दिलेली वस्तू पुन्हा का हवीशी वाटावी, म्हणून मी थोडं मागं जाऊन पाहिलं. पाहता पाहता 1579 सालापर्यंत पोचले.

त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. कोचीनला मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या प्रश्नोत्तरीचं तमिळ भाषांतर छापून निघालं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट ऑक्टोबरात गोव्याला उतरला. आणि आमच्या साष्टीत, कोंडिविट्याला, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं देऊळ बांधलं गेलं. त्याचे भग्नावशेष आज सीप्झच्या कुंपणाआड आहेत. चारी बाजूंनी दागिने घडवणाऱ्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या, मध्ये छप्पर नसलेलं देऊळ. 1840 च्या सुमारास साथ आली, लोक गाव सोडून मरोळला गेले आणि तिथे त्यांनी नवं देऊळ बांधलं. वर्षातून एकदा अजून तिथे मिस्सा होते. एरवी आत जायला कंपनीचं ओळखपत्र लागतं.

त्या भिंतींच्या आत मुलांना काय शिकवत असतील, कसं शिकवत असतील, याचा अंदाज बांधता येतो, कारण पद्धत सगळीकडे एकच होती. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्याला आला तेव्हा हातात घंटा घेऊन गल्ल्यांतून फिरायचा आणि पोरंटोरं, गुलाम, जो येईल त्याला गोळा करून दोतोर्न शिकवायचा. दोतोर्न म्हणजे पोर्तुगीज 'दौत्रीना', शिकवण. चालीत म्हणायची, सगळ्यांनी मिळून. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये आणि पुढच्याच वर्षी झेवियरची दोतोर्न त्यावर छापली गेली. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे मुलांची प्रश्नोत्तरी, हे आमच्या मुलांना सांगितलं की ती क्षणभर तरी पुस्तकाकडे जरा आदरानं बघतात.

युरोपात तेव्हा या पुस्तकांचा हंगामच होता. लूथरनं 1529 मध्ये आपली छोटी प्रश्नोत्तरी काढली होती. कॅनिसियसनं 1555 मध्ये कॅथलिकांची काढली, ट्रेंटच्या परिषदेनंतर 1566 मध्ये रोमची आली. पण रोमची धर्मगुरूंसाठी होती, जाडजूड. मुलांच्या हाती पडली ती पातळ, सोप्या चालीची. इंग्लंडातली एक तर किमतीवरूनच पेनी कॅटेकिझम म्हणून ओळखली गेली. 370 प्रश्न, एक पेनी. डॅडींचं ते वाळवी लागलेलं पुस्तक याच घराण्यातलं.

पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या मातीत दिवेलागणीला पाढे, पावकी-निमकी आणि मनाचे श्लोक एका दमात म्हटले गेले, तिथे दोतोर्न परकी वाटली नसणार. कागद महाग, वाचता येणारे थोडे. जिभेवर ठेवलं तेवढंच टिकणार. आणि ते टिकलं. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, पोर्तुगीज पाद्री गेले, देवळं ओस पडली. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांत फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकातच आपलं ठाणं केलं होतं. भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो, लेण्याच्या डोक्यावर त्यांच्या इमारतीचे उघडे अवशेष उभे आहेत. एवढा दगडी पसारा पडला, पण पाखाड्यांतली माणसं मूठभर देशी धर्मगुरूंच्या आधारानं आपल्या प्रार्थना म्हणत राहिली. दगडापेक्षा पाठांतर चिवट निघालं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण पाठांतराच्या बाजूनं बोलणारे एक अर्धं विसरतात. स्टीफन्सकडे पुन्हा वळते.

या माणसानं गोव्याच्या साष्टीत उभी हयात घालवली. (साष्टी दोन, एक गोव्यातली आणि एक आमची मुंबईची. नावाची फोड एकच सांगतात, सहासष्ट गावं. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन साष्टींचा जो गोंधळ होतो, त्यानं भल्याभल्यांना चकवलंय.) त्यानं मार्कुश जॉर्जची प्रश्नोत्तरी कोकणीत आणली, ती त्याच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये राशोलला छापली गेली. पण त्याआधी, 1616 मध्ये, त्याच राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, रोमी लिपी. पुराण का लिहिलं, याची कथा पुराणातच आहे. देवळात मुलांना दोतोर्न शिकवणं चालू आहे आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्री-गुरूला म्हणतो की हे सगळं ठीक, पण तुम्ही आमची आधीची पुराणं बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. मग गुरू सांगायला लागतो. मध्येमध्ये श्रोते शंका काढतात, गुरू थांबतो, उत्तर देतो, पुन्हा कथा पुढे.

प्रश्नोत्तरीत गुरुजी विचारतात, मूल उत्तर देतं. पुराणात ऐकणारा विचारतो आणि उत्तराची जबाबदारी गुरुजींवर येते. एकाच माणसानं, एकाच गावच्या लोकांसाठी, दोन्ही लिहिलं. एकावर भागणार नाही, हे त्याला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. कथा आधी मागितलेली होती, एवढ्यावरच त्या पुराणाचं आयुष्य उभं आहे.

आमच्या उत्तर कोकणालाही स्वतःचं पुराण मिळालं. फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायश या फ्रान्सिस्कनानं ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा इथल्या बोलीत रचली आणि ती 1659 मध्ये लिस्बनला छापली गेली. उपवासकाळात ती गायची रीत आमच्या ईस्ट इंडियन लोकांत होती. माझ्या आजीला त्यातले तुकडे यायचे. ती शाळेत गेलेली नव्हती. प्रश्नोत्तरी तिला पाठ होती, मराठीत. काही लॅटिन प्रार्थनाही पाठ होत्या, इतक्या मोडून-तोडून की कुठल्याही रोमनानं ओळखल्या नसत्या. पण पुराण म्हणताना तिचा आवाज बदलायचा. दोतोर्न ती हिशेब सांगावा तशी म्हणायची. पुराण म्हणताना हातातली निवडायची कोळंबी तशीच राहायची.

आजीपासून माझ्यापर्यंत येता येता भाषा गेली. याला कुणी एक जबाबदार नाही. गोव्यात 1684 मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढून तीन वर्षांत लोकांची बोली बंद करायला सांगितलं, तसलं इथे काही झालं नाही. इथे नोकरी आली. रेल्वे, गोदी, टपाल खातं, इंग्रजी शाळा. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं आमच्या पूर्वजांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, कारण गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे, हे साहेबाला ठळक दिसायला हवं होतं. नाव इंग्रजी, असोसिएशन इंग्रजी; दोतोर्नही हळूहळू इंग्रजी झाली. तिकडे वसईत मात्र मराठी टिकली. 1955 पासून 'सुवार्ता' मासिक निघतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुढे 'सुबोध बायबल' मराठीत आणलं. बोरिवलीहून वसई लोकलनं अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासात मूल देवाशी बोलायची भाषा बदलतं.

मी दोतोर्न शिकले ती इंग्रजीत. आमच्या एका सरांकडे लाकडी पट्टी होती. शब्द चुकला की पट्टी, अर्थ विचारला की त्याहून जोरात पट्टी. पुढे कळलं की तोवर जग बदललं होतं. 1964 च्या डिसेंबरात सहावे पॉल पोप युकॅरिस्टिक काँग्रेसला मुंबईत येऊन गेले, 1965 मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद संपली, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. 1967 मध्ये फादर अमलोरपवदास यांनी बंगळूरला राष्ट्रीय केंद्र काढलं आणि धर्मशिक्षण म्हणजे पाठांतर नव्हे, बायबल आणि जगणं, असं शिक्षकांच्या गळी उतरवायला सुरुवात केली. पट्टी गेली, याचा मला आनंदच आहे. पण पट्टीबरोबर पुस्तकही गेलं. त्या जागी रंगीत तक्ते, गिटार, चित्रं चिकटवणं आलं. काही वर्षं मीही नोहाच्या नावेला कापूस चिकटवून घेतला. पावसाळी ढग म्हणून. मुलं खूश होती. पण सातवीत गेल्यावर शाळेतल्या मैत्रिणीनं 'तुम्ही भाकरीला देव का म्हणता' असं विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. ती आई निरोपात बायहार्ट मागते ती या पोकळीतून. तिचं चुकत नाही.

रोमलाही ही पोकळी दिसली असावी. 1992 मध्ये नवा कॅटेकिझम आला, 2865 परिच्छेदांचा. तो कोण मुलांच्या हाती देणार? 2005 मध्ये त्याचा गोषवारा निघाला, पुन्हा प्रश्नोत्तरांत, 598 प्रश्न. 2011 मध्ये तरुणांसाठी यूकॅट. म्हणजे जुनी चाल अधिकृतपणे परत आलीच आहे. फक्त आता पुस्तकच विचारतं आणि पुस्तकच उत्तर देतं.

तर जुलैत मी त्या आईचं ऐकलं. दर रविवारी पाच प्रश्नोत्तरं पाठ. मुलांना जड गेलं नाही. क्रिकेटचे आकडे पाठ करणारी पोरं ही. तिसऱ्या रविवारी कृपेचा धडा होता. एका मुलानं 'ग्रेस'ची व्याख्या एका श्वासात, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. मी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "म्हणजे काय रे?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "टीचर, दादाला बोर्डात मिळाले होते ते. दोन मार्कांनी फेल होत होता."

वर्ग हसला. मीही हसले, आणि मग हसायची थांबले. आपल्या कमाईचं नाही, मागायचा हक्क नाही, देणाऱ्यानं दिलं म्हणून पास. ऑगस्टिन आणि पेलेजियस ज्यावर भांडले ते यानं एसएससी बोर्डाच्या हवाल्यानं दोन वाक्यांत सांगितलं होतं. अर्थात कृपा काही काठावर नापास होणाऱ्यापुरती नसते, हे मला सांगावं लागलं. पण व्याख्या आधी तोंडात नसती तर तो दादापर्यंत पोचलाच नसता. आणि मी पुढचा प्रश्न घेतला असता तर दादा बाहेर आलाच नसता.

आजीनं 'कृपा' हा शब्द पावसासाठी वापरला असता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणतात, त्या दिवशी ती म्हणायचीच. आता आमच्या पाखाडीत भातशेत नाही. लोंब्या विकत आणतो, आणि मुलांच्या जगात फुकट मिळणारी एकच ओळखीची वस्तू उरलीय, ती मार्क.

त्या दिवसापासून वर्गात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर पुस्तकातले पाच प्रश्न, ते पाठ करायचेच, सवलत नाही. उजव्या पानावर त्यांचे. नाव लिहायचं नाही. सुरुवातीला 'टीचर तुमचं वय किती' असले प्रश्न आले. मग हळूहळू बरे यायला लागले. येशूला मराठी येत होतं का. वॉचमन अंकल हिंदू आहेत, ते कुठे जाणार. देवाला सगळं माहीत असतं तर कन्फेशनमध्ये जाऊन पुन्हा का सांगायचं.

शेवटचा घेऊन मी फादरांकडे गेले. त्यांनी वही हातात घेतली, पान उलटून मागचे प्रश्नही वाचले, वॉचमन अंकलपाशी जरा जास्तच थांबले.

"हे इथेच ठेवून जा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मीच येतो वर्गावर."