गडद मुखपृष्ठावरचे पांढरे अक्षर

गडद मुखपृष्ठावरचे पांढरे अक्षर छापलेले नसते, राखलेले असते. ऑफसेटवर नेहमीच्या कामात पांढरी शाई नसते. सगळा कागद शाईने भरतो आणि अक्षरापुरती जागा कोरी सुटते. छापखान्यात याला ‘रिव्हर्स’ म्हणतात. एरवी शाईने अक्षर उमटते. इथे तीच शाई चहूबाजूंनी अक्षरावर चालून येते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचा छापील मजकुराशी संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. शिर्डी संस्थानचे ‘श्री साईलीला’ मासिक १९२३ चे. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ मध्ये लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ला पुढे कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठी सत्यजित राय यांनी मुखपृष्ठ दिले. आज इथल्या दिवाळी अंक, स्मरणिका आणि कवितासंग्रह यांची मुखपृष्ठे संगणकावर तयार होतात. गडद मुखपृष्ठाची परीक्षा मात्र यंत्रावरच होते.

पहिला प्रश्न काळ्या रंगाचा. नुसत्या काळ्या शाईचा मोठा सॉलिड, म्हणजे सलग भरलेला भाग, करडट दिसतो. म्हणून तिच्या जोडीला इतर तीन शाया देतात: सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४० आणि ब्लॅक १०० टक्के, एकूण २४०. चारही शाया पूर्ण दिल्या तर बेरीज ४०० होते. आर्ट कार्डावर साधारण ३०० च्या पुढे शाई नीट वाळत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. याला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. पडद्यावरचा आरजीबी काळा छपाईच्या या चार शायांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये, बदलताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे काळ्याचे आकडे हातानेच भरावेत.

खरा हट्टी भाग रजिस्ट्रेशनचा. चार शायांच्या चार प्लेटा, म्हणजे एकाच अक्षराच्या चार कोऱ्या जागा. त्या एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. एखादी प्लेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली तरी अक्षराला निळी किंवा गुलाबी कड येते. देवनागरीत याचा फटका आधी रफार, अनुस्वार आणि वेलांटीच्या टोकांना बसतो. शाईचे ठिपके कागदावर थोडे पसरत असल्याने ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘ह्य’ यांच्या आतल्या फटीही बुजतात. म्हणून बारीक वळणाचा फाँट टाळून जाड वजनाचा घ्यावा, अक्षरांत अंतर थोडे वाढवावे आणि लेखकाचे नाव किंवा मलपृष्ठाचा मजकूर फार लहान ठेवू नये. शिवाय सायन, मॅजेंटा आणि यलोच्या प्लेटांवर अक्षराची कोरी जागा किंचित मोठी ठेवतात. मग अक्षराची कड एकट्या काळ्या शाईने ठरते आणि बाकीच्या प्लेटा थोड्या हलल्या तरी दिसत नाही. फिकट रंगाची अक्षरे हवी असतील तर एकट्या यलोची छटा सुरक्षित, कारण तिचे सरकणे डोळ्याला सर्वांत कमी जाणवते. फाइलमध्ये पांढऱ्या अक्षराला चुकून ‘ओव्हरप्रिंट’ लागले असेल, तर ते छपाईत नाहीसेच होते.

यंत्र चोख असले तरी कागद हवेप्रमाणे बदलतो. पर्जन्यछायेतल्या नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो ओलावा सोडून आकसतो आणि जुळवलेले रजिस्ट्रेशन बिघडू शकते. दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो. कागद छपाईआधी यंत्राजवळच्या हवेत मुरू द्यावा लागतो, छापलेल्या तावांचे ढीगही उंच रचून चालत नाहीत.

छपाईनंतरही गडद रंग काहीच लपवत नाही. घडीवर शाई तडकली की पांढरी रेघ दिसते, म्हणून आधी लॅमिनेशन आणि मग क्रीझिंग करतात. मॅट लॅमिनेशनवर बोटांचे ठसे आणि ओरखडे चटकन दिसतात. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापरेषेबाहेर वाढवलेला रंग, नसेल तर कटिंगमध्ये पांढरी किनार उरते. पुस्तकाच्या कण्यावरचे नाव पानांच्या जाडीवर अवलंबून असते, त्यामुळे पानसंख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठाची फाइल प्लेटसाठी देऊ नये. शेवटचे प्रूफ कागदावर, मूळ आकारात काढावे आणि त्यातले सर्वांत लहान अक्षर आधी वाचावे.