संगणकाचे अंतरंग – लेखांक ६ : झिप फाईल उघडते म्हणजे काय होते?

झिप फाईलवर डबल क्लिक केले की प्रत्येक संगणकावर एकच गोष्ट घडत नाही. विंडोजमधील फाईल एक्स्प्लोरर ती फोल्डरसारखी उघडतो आणि आतल्या फाईलींची यादी दाखवतो. मॅकवरील फाईंडर यादी दाखवण्याच्या भानगडीत न पडता आर्काइव्ह युटिलिटी या छोट्या प्रोग्रामकडून सगळ्या फाईली शेजारी सुट्या करून घेतो. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपचा फाईल मॅनेजर २०१६ मधील ३.२२ या आवृत्तीपासून हीच पद्धत वापरतो. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाईल मॅनेजरमध्ये झिप एरवी आर्क या वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडते. मात्र सेटिंगमध्ये पर्याय निवडल्यास ती फोल्डरसारखी दिसते, तीही फक्त वाचण्यापुरती. टोटल कमांडर आणि मिडनाइट कमांडर हे दोन कप्प्यांचे फाईल मॅनेजर आहेत. त्यांत एंटर दाबून थेट झिपच्या आत जाता येते आणि तिथून हवी ती फाईल पलीकडच्या कप्प्यात कॉपी करता येते.

यातील कोणती पद्धत कुठे चालेल, हे बरेचसे त्या फाईलच्या अंतर्गत रचनेवर ठरते. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. त्यात प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे आवळलेली (कॉम्प्रेस केलेली) असते आणि कोणती फाईल कुठे सुरू होते याची सूची झिपच्या अगदी शेवटी असते, पुस्तकाच्या मागे विषयसूची असावी तशी. ती सूची वाचली की पुरते. दोन जीबीच्या झिपमधील नावे क्षणात दिसतात आणि त्यांतली एकच फाईल बाहेर काढायची झाली तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

टारची गोष्ट वेगळी. १९७९ च्या युनिक्समधला हा प्रकार चुंबकीय टेपसाठी बनला. टेप पुढे पुढे फिरवत वाचायची असल्याने त्यात सूचीच नाही. प्रत्येक फाईलच्या आधी ५१२ बाइटचा मथळा येतो आणि पाठोपाठ मजकूर. असा संपूर्ण टार नंतर जीझिप या प्रोग्रामने एकत्र आवळला की आतली नावे वाचायलाही सगळा प्रवाह पहिल्यापासून उलगडावा लागतो. इगोर पाव्हलोव्ह यांच्या सेव्हन-झिपचा सेव्हन-झेड प्रकार सूची ठेवतो, पण जागा वाचवण्यासाठी अनेक फाईली एकाच गठ्ठ्यात आवळतो. त्यामुळे यादी लगेच मिळते. गठ्ठ्यातील शेवटची फाईल हवी असेल तर मात्र आधीच्या सगळ्या उलगडाव्या लागतात. अशा आर्काइव्हला, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधलेल्या फाईलला, फोल्डरचे रूप देणारा फाईल मॅनेजर प्रत्येक क्लिकला वापरणाऱ्याचा वेळ खातो. मोठा टार किंवा सेव्हन-झेड एकदाच पूर्ण सुटा करून घेणे हेच बरे.

फोल्डरच्या रूपाचा सर्वांत मोठा तोटा फाईल बदलताना कळतो. एक्स्प्लोररमध्ये झिपच्या आतील पत्रावर क्लिक केले की त्याची प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढली जाते आणि वर्ड ती प्रत उघडतो. त्या प्रतीत केलेल्या दुरुस्त्या झिपमध्ये परत जात नाहीत. तासाभराचे काम कुठे गेले हे वापरणाऱ्याला उमगतही नाही. आत वेबपान असेल आणि त्याची चित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये असतील, तर पान उघडते आणि चित्रांच्या जागा रिकाम्या राहतात, कारण बाहेर फक्त क्लिक केलेलीच फाईल आलेली असते. टोटल कमांडर आणि आर्क यांनी हा प्रश्न चांगला सोडवला आहे. आतली फाईल बदललेली दिसली की ते थेट विचारतात, बदल आर्काइव्हमध्ये घालायचा का? रोज झिपांशी काम पडणाऱ्याने त्यांचीच सवय लावावी. क्वचित झिप उघडणाऱ्यासाठी मात्र फाईंडरची पद्धत अधिक सुरक्षित ठरते, कारण तिथे समोर दिसणारी प्रत्येक फाईल खरोखर डिस्कवर असते.

तात्पुरती प्रत काढून उघडण्याच्या याच सोयीचा गैरफायदाही घेतला गेला. २०२३ मध्ये विनरार या आर्काइव्ह बनवणाऱ्या व उघडणाऱ्या प्रोग्राममधील एक त्रुटी उघडकीस आली. आर्काइव्हमध्ये एक निरुपद्रवी चित्र आणि त्याच नावाचा फोल्डर ठेवलेला असे. चित्रावर क्लिक केले की विनरार त्या फोल्डरमधील स्क्रिप्टही तात्पुरत्या जागी काढी आणि चित्राऐवजी तीच चालू होई. ६.२३ या आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही, त्यामुळे जुनी आवृत्ती असलेल्यांनी नवी उतरवून घेणे आवश्यक आहे.

विंडोजने दीर्घकाळ स्वतःहून प्रामुख्याने झिपलाच जागा दिली होती. लिबआर्काइव्ह या मुक्त लायब्ररीच्या आधारे विंडोज ११ मध्ये रार (विनरारचा स्वतःचा प्रकार), सेव्हन-झेड आणि टार उघडण्याची सोय २०२३ मध्ये आली. रार बनवणे मात्र आजही विनरारकडेच आहे, कारण त्याची आवळण्याची पद्धत परवान्याने राखीव आहे.

मराठी वापरणाऱ्यांना सर्वांत जास्त छळलेला प्रश्न नावांचा. मूळ झिपमध्ये फाईलींची नावे आयबीएमच्या कोड पेज ४३७ या अक्षरसंचात असणे अपेक्षित होते. त्यात देवनागरी नाही. विंडोज ७ चा एक्स्प्लोरर तर मराठी नावाची फाईल झिप करायलाच नकार देई आणि नाव बदलण्यास सांगे. नाव युटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत आहे हे सांगणारी खूण झिपच्या तपशिलात २००६ मध्ये आली. पण सगळे प्रोग्राम ती लावत नाहीत. फाईंडरने बनवलेल्या अनेक झिपमध्ये नावे युटीएफ-८ मध्ये असतात, खूण मात्र नसते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ४३७ गृहीत धरणारा फाईल मॅनेजर त्या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे दाखवतो. त्यांतले पहिले नेहमी ग्रीक आल्फा असते आणि दुसरे डोक्यावर नागमोडी रेघ असलेले स्पॅनिश एन. नावात ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली तर फाईल बिघडलेली नाही, फक्त तिचे नाव चुकीच्या कोड पेजने वाचले गेले आहे असे समजावे. अशी झिप सेव्हन-झिपच्या कमांडमध्ये एमसीपी या पर्यायाला ६५००१ हा आकडा देऊन उघडली की मराठी नावे जशीच्या तशी परत मिळतात.