सॉफ्टवेअर परीक्षक आणि विकसक यांचे कार्यसंबंध

सॉफ्टवेअर परीक्षक (टेस्टर) आणि सॉफ्टवेअर विकसक (डेव्हलपर) हे संगणक प्रणाली तयार करणाऱ्या चमूतील दोन प्रमुख घटक होत. विकसक आज्ञावली लिहितो, तर ती अपेक्षेप्रमाणे चालते की नाही, आणि विशेषतः कोठे चालत नाही, हे परीक्षक शोधतो. एकाच्या कामातील उणीव शोधणे हेच दुसऱ्याचे काम असल्याने या दोघांच्या संबंधांत ताण निर्माण होण्याची शक्यता व्यवसायाच्या रचनेतच असते. या ताणाचे स्पष्टीकरण बहुधा व्यक्तींच्या स्वभावावरून दिले जाते. प्रत्यक्षात मात्र दोषाची बातमी कधी, कोणत्या स्वरूपात आणि कोणामार्फत पोहोचते, यावर हे संबंध अधिक अवलंबून असतात.

इतिहास

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावली लिहिणारा व तपासणारा बहुधा एकच असे. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पातील संगणक प्रणालींवर काम केलेले जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हे पुस्तक लिहिले. स्वतःची आज्ञावली म्हणजे स्वतःचाच एक भाग, असे प्रोग्रॅमर मानू लागतो आणि त्यामुळे तिच्यातील चूक त्याला दिसेनाशी होते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी सुचविलेल्या अहंकारविरहित प्रोग्रॅमिंगमध्ये सहकाऱ्यांनी एकमेकांची आज्ञावली वाचणे अभिप्रेत होते.

ग्लेनफर्ड मायर्स यांचे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' हे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. चूक सापडावी या हेतूने आज्ञावली चालवणे म्हणजे परीक्षण, अशी व्याख्या त्यांनी केली, आणि प्रोग्रॅमरने स्वतःच्या आज्ञावलीचे परीक्षण करणे टाळावे असे तत्त्व मांडले. या भूमिकेतून पुढे परीक्षकांचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. स्वातंत्र्याचा लाभ झाला, परंतु त्याबरोबर अंतरही आले. विकसकाने काम पूर्ण करून ते पलीकडे सोपवायचे आणि काही दिवसांनी दोषांची यादी परत यायची, असा क्रम अनेक कंपन्यांत रूढ झाला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात 'अजाइल' जाहीरनामा तयार झाला. प्रक्रिया व साधनांपेक्षा व्यक्ती आणि त्यांच्यातील संवादाला त्यात अधिक महत्त्व दिले गेले. त्यानंतर परीक्षकांना विकसकांच्याच चमूत बसवण्याची पद्धत वाढली. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास अनेक विभागांत परीक्षण-अभियंता हे वेगळे पदच विकसकाच्या पदात विलीन केले. अंतर मिटवण्याचा हा एक टोकाचा मार्ग होता. मायर्स यांनी सांगितलेली अडचण त्याने सुटत नाही, कारण लिहिणाऱ्याची नजर लिहिणाऱ्याचीच राहते.

सेवा-उद्योगातील स्वरूप

भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील माहिती तंत्रज्ञान सेवा-उद्योगात या संबंधांना भौगोलिक अंतराची जोड मिळाली. मुंबईतील सीप्झ, पुण्यातील हिंजवडी आणि नवी मुंबईतील ऐरोली, घणसोली व महापे ही या उद्योगाची ठळक केंद्रे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रासायनिक कारखान्यांचा पट्टा गेल्या काही दशकांत बऱ्याच अंशी कार्यालयांचा झाला. शहराच्या दक्षिणेकडील उलवे हा सिडकोने विकसित केलेला निवासी विभाग असून नोव्हेंबर २०१८ मध्ये बामणडोंगरी व खारकोपर स्थानकांपर्यंत उपनगरी रेल्वे सुरू झाल्यापासून तो उर्वरित नवी मुंबईशी लोहमार्गाने जोडला गेला.

या उद्योगात विकसक व परीक्षक एकाच इमारतीत असतीलच असे नाही. ग्राहक कंपनी आज्ञावली लिहिण्याचे काम एका पुरवठादाराला आणि स्वतंत्र परीक्षणाचे काम दुसऱ्याला देते, अशीही पद्धत आहे. अशा वेळी दोषाची नोंद केवळ तांत्रिक राहत नाही, ती दोन कंपन्यांमधील पत्रव्यवहार बनते, आणि तिची भाषाही तशीच सावध होते.

वेळेचे गणितही महत्त्वाचे ठरते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० वाजलेले असतात. नवी मुंबईतील परीक्षकाने दुपारी लिहिलेली नोंद तेथील विकसक त्याच्या सकाळी वाचतो. नोंद अपुरी असेल तर तो प्रश्न विचारतो. तो प्रश्न परीक्षकाला दुसऱ्या दिवशी दिसतो आणि त्याचे उत्तर विकसकाला आणखी एका रात्रीनंतर मिळते. एका निसटलेल्या वाक्याची किंमत अशा रीतीने पूर्ण एक दिवस होते. समोरासमोर बसलेल्या चमूत हाच प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता. दूरस्थ चमूंतील कटुतेचा मोठा भाग या विलंबातून येतो, मात्र तो दुसऱ्या बाजूच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर मांडला जातो.

दोषनोंद

दोषनोंद (बग रिपोर्ट) हा या संबंधांतील सर्वांत वारंवार होणारा व्यवहार आहे. चांगल्या नोंदीत कोणत्या पायऱ्यांनी दोष दिसला, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले आणि प्रणालीची कोणती आवृत्ती वापरली, या बाबी असतात. यांपैकी एखादी बाब नसल्यास विकसकाला दोष पुन्हा घडवून आणता येत नाही आणि 'माझ्या मशिनवर तर चालते' हे सुप्रसिद्ध उत्तर येते. ते उत्तर उद्धट वाटले तरी बहुधा खरे असते. दोन्ही संगणकांवरची परिस्थिती वेगळी असते आणि नेमके काय वेगळे आहे हे दोघांनाही ठाऊक नसते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रणालीतील एक दोष याचे चांगले उदाहरण आहे. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र वर्ण-चिन्ह व त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एकरूप करीत नाही. परिणामी एका कीबोर्डवरून नोंदवलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधल्यास सापडत नाही.

परीक्षकाने अशा प्रसंगी 'नाव शोधता येत नाही' एवढेच लिहिले, तर विकसक स्वतः ते नाव भरतो, शोधतो आणि त्याला ते सापडते. तो नोंद अमान्य करून परत पाठवतो. परीक्षक ती पुन्हा उघडतो. दोघेही प्रामाणिक असतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत एकमेकांच्या कुवतीविषयी त्यांचे मत तयार झालेले असते. हीच नोंद 'भ्रमणध्वनीवरील कीबोर्डवरून नाव भरले, कार्यालयीन संगणकावरील इन्स्क्रिप्ट कीबोर्डवरून शोधले, शून्य निकाल आले. दोन्ही नोंदींतील मूळ मजकूर सोबत जोडला आहे' अशी असेल, तर मराठी न येणाऱ्या विकसकालाही दोन मजकुरांची तुलना करून कारण कळते. येथे परीक्षकाचे भाषाज्ञान विकसकाकडे नसलेली माहिती पुरवते, आणि वादाची जागा शोधाला मिळते.

नोंदीची भाषा व्यक्तीविषयी नव्हे तर प्रणालीविषयी असावी, हा सर्वमान्य संकेत आहे. 'तुम्ही तपासणी विसरलात' याऐवजी 'रिकामा अर्जही स्वीकारला जातो' असे लिहिणे पसंत केले जाते. आंतरराष्ट्रीय पात्रता मंडळ आयएसटीक्यूबीच्या पायाभूत अभ्यासक्रमातही परीक्षणाच्या मानसिक बाजूचा समावेश झालेला आहे. केवळ सौम्य शब्दांनी अपुरी नोंद पुरी होत नाही, हेही तितकेच खरे.

तीव्रता व प्राधान्य

दोषाची तीव्रता आणि तो दुरुस्त करण्याचे प्राधान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुखपृष्ठावर संस्थेचे नाव चुकीचे छापले गेल्यास तांत्रिक तीव्रता नगण्य, पण प्राधान्य सर्वोच्च असते. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या जुन्या अहवालामुळे प्रणाली बंद पडत असेल, तर उलट स्थिती असते. तीव्रता परीक्षकाने सुचवावी आणि प्राधान्य उत्पादनाची जबाबदारी असलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ठरवावे, अशी विभागणी केल्यास परीक्षक व विकसक यांना परस्परांत घासाघीस करावी लागत नाही.

मोजमापाचा परिणाम

परीक्षकाचे मूल्यमापन त्याने शोधलेल्या दोषांच्या संख्येवर आणि विकसकाचे त्याच्या नावावर लागलेल्या दोषांच्या संख्येवर केले, तर एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा होतो. मग एका दोषाच्या पाच नोंदी केल्या जातात, आणि दुसरीकडे खरा दोषही 'हे अपेक्षित वर्तन आहे' म्हणून नाकारला जातो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात असेच निरीक्षण मांडले होते; मोजमाप हे नियंत्रणाचे साधन झाले की त्याची विश्वासार्हता ढासळते. वापरकर्त्यापर्यंत निसटलेल्या दोषांची जबाबदारी संपूर्ण चमूवर ठेवणे हा यावरील प्रचलित उपाय आहे. विकास आणि परीक्षण वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्यास मात्र तो करारातच लिहावा लागतो, व तेथेच तो बहुधा अडतो.

आरंभापासून सहभाग

आज्ञावली लिहिण्यापूर्वीच ग्राहकाचा प्रतिनिधी, विकसक आणि परीक्षक यांनी एकत्र बसून उदाहरणांच्या आधारे अपेक्षा निश्चित करण्याची पद्धत 'थ्री अमिगोज' या नावाने ओळखली जाते. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या अर्जदाराचे वय कसे मोजायचे, हा प्रश्न त्या बैठकीत निघाला तर ती सूचना असते. तीन आठवड्यांनी निघाला तर तोच दोष ठरतो.

मोठ्या प्रणालींतील अनुभव

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याची पद्धत एकाच सत्रात मोठ्या प्रमाणावर लागू केली. उलवे ज्या रायगड जिल्ह्यात येते, तेथील महाविद्यालयेही या विद्यापीठाशी संलग्न आहेत. सर्व्हर मंद चालणे, स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिकांतील गोंधळ अशा तक्रारी मूल्यांकन करणाऱ्या अध्यापकांनी केल्या. निकाल कुलपतींनी दिलेल्या ३१ जुलैच्या मुदतीत लागले नाहीत, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. येथे अध्यापकच प्रत्यक्षात परीक्षक ठरले, तेही निकालाची घटिका सुरू असताना.

याउलट लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचव्या टर्मिनलची परीक्षणे दीर्घकाळ चालली होती. चाचणीतील नमुना संदेश विमानतळाच्या चालू प्रणालींत शिरू नयेत म्हणून सामान-व्यवस्थेत एक गाळणी बसवण्यात आली होती. २७ मार्च २००८ रोजी टर्मिनल सुरू झाले तेव्हा ती काढायची राहून गेली. त्यामुळे इतर विमान कंपन्यांकडून येणाऱ्या सामानाची माहिती टर्मिनलच्या प्रणालीला मिळेना, असे ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीच्या अहवालात नमूद आहे. अन्य अडचणींचीही भर पडून शेकडो उड्डाणे रद्द झाली. दोष आज्ञावलीत नव्हता, आणि परीक्षणाच्या दृष्टीने गाळणीही योग्यच होती. ती अजून जागेवर आहे ही माहिती परीक्षणाच्या टप्प्यातून प्रत्यक्ष वापराच्या टप्प्यात पोहोचली नाही.

उलव्यालगतच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. आधुनिक विमानतळावर तपासणी, सामान, उड्डाण-माहिती व सुरक्षा यांच्या प्रणाली वेगवेगळ्या पुरवठादारांच्या असतात आणि त्या एकमेकींना संदेश पाठवतात. त्यामुळे नवे विमानतळ खुले करण्यापूर्वी प्रवासी व सामानासह सराव-चाचण्या घेण्याची जागतिक पद्धत आहे. चाचणीसाठी केलेला प्रत्येक तात्पुरता बदल, तो करणाऱ्याचे नाव आणि तो काढल्याची सही यांची यादी विकसक, परीक्षक व प्रणाली चालवणारे कर्मचारी यांनी संयुक्तपणे ठेवणे, ही हीथ्रोसारखा प्रसंग टाळण्याची एक साधी पद्धत आहे.