बालकांची एचआयव्ही चाचणी आणि कायदा

रक्त बालकाचे, परंतु ते तपासावे की नाही, हा निर्णय मात्र दुसऱ्याचा. चाचणी केव्हा व्हावी हे वैद्यकशास्त्र सांगते. ती कोणाच्या संमतीने व्हावी हे कायदा ठरवितो. या दोहोंची सांगड कशी बसते, यावर पुष्कळदा बालकाचे आयुष्य अवलंबून असते.

मातेकडून आलेली प्रतिपिंडे अर्भकाच्या रक्तात सुमारे १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे प्रौढांची नेहमीची चाचणी तान्ह्या मुलाच्या बाबतीत फसवी ठरते. म्हणून सहाव्या आठवड्यातच टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्यांत प्रत्यक्ष विषाणूचा शोध घ्यावा लागतो. येथे विलंब घातक होय. उपचारांवाचून राहिलेल्या बाधित बालकांपैकी सुमारे निम्मी बालके दोन वर्षांची होण्यापूर्वीच दगावतात.

भारतीय संसदेने २०१७ साली केलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. मोजके अपवाद वगळता, सर्व गोष्टी समजावून देऊन घेतलेल्या संमतीवाचून कोणाचीही चाचणी करता येत नाही. शाळाप्रवेशासाठी चाचणीची अट घालण्यासही मनाई आहे. लोकापवादाच्या झळा सोसणाऱ्या कुटुंबांना हे संरक्षण अत्यावश्यकच होते.

तथापि १८ वर्षांखालील मुलासाठी ही संमती पालकांनी द्यावयाची असते, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. मुलाच्या चाचणीतून बहुधा मातेचेच गुपित उघड होते. त्या भयाने चाचणी लांबणीवर पडते. ज्याचे मायबाप हयात नाहीत, त्याची अडचण तर निराळीच. अशा कुटुंबाचा भार वाहणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या १२ वर्षांवरील मुलास धाकट्या भावंडाचा पालक म्हणून त्याच्या उपचारांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार याच कायद्याने दिला आहे. जे मूल भावंडाच्या औषधोपचारांची जबाबदारी पेलू शकते, त्याला स्वतःच्या चाचणीसाठी मात्र वडीलधाऱ्यांच्या होकाराची वाट पाहावी लागते!

दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालक कायद्याने १२ वर्षांच्या मुलास स्वतःच संमती देण्याची मुभा दिली. त्याहून लहान मुलालाही, चाचणीचे परिणाम उमजत असतील तर, तो हक्क आहे. अर्थात चाचणीच्या आधी व नंतर योग्य समुपदेशन तेथेही आवश्यक मानले आहे.

संमतीची अट बालकाच्या रक्षणासाठी आहे. तीच त्याच्या औषधाच्या वाटेत आडवी येणार नाही, एवढी दक्षता धोरणकर्त्यांनी घ्यावयास हवी.