ताबा आधी, बांधकाम नंतर

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमानाचे यंत्र, त्याभोवतीची हवा आणि खालची जमीन या तिन्हींची गणिती प्रतिकृती संगणकावर उभी करणारी प्रणाली. इतर खेळांत निर्माता आपल्या सोयीचे जग रचतो आणि हवे तिथे कुंपण घालतो. या खेळाला मात्र आहे ते जग दाखवायचे असते, आणि त्या जगात न्यूयॉर्क येते तसा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा येतो, डोंबिवली पूर्वेचा मानपाडाही येतो. म्हणूनच हे खेळ काम अर्धवट असताना बाजारात आणले जातात का, हे तपासताना विकण्याआधी कोणते काम संपायला हवे होते आणि कोणते कधीच संपणारे नाही, हे आधी वेगळे करावे लागते. ग्राहकांच्या तक्रारींत ही दोन्ही कामे एकत्र कालवली जातात, आणि त्याचा फायदा निर्मात्यांना मिळतो.

जमिनीचे काम न संपणारे आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील असोबो स्टुडिओने घडवलेला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आला, तेव्हा त्याने सारी पृथ्वी उपग्रहचित्रांवरून उभी केली होती. निवडक शहरांच्या बाबतीत विमानातून तिरकी छायाचित्रे घेऊन, त्यांतून इमारतींचे खरे आकार काढण्याची पद्धत वापरली गेली. तिला फोटोग्रामेट्री म्हणतात. उरलेल्या जगासाठी ऑस्ट्रियातील ब्लॅकशार्क या कंपनीची यंत्रणा छायाचित्रातील छपरे ओळखून त्याखाली किती मजले असावेत याचा अंदाज बांधत होती. वरून पाहिलेले छप्पर मजल्यांबद्दल फारसे बोलत नाही. घोडबंदर रस्त्यालगतचा टोलेजंग टॉवर आणि त्याच्या शेजारची बैठी चाळ यांतला फरक अशा अंदाजात पुसट होऊ शकतो. मेलबर्नच्या एका उपनगरात तर बैठ्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला, कारण ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या नकाशात कोणीतरी २ ऐवजी २१२ असा आकडा टाकला होता. नकाशातली चूक सुधारली गेली, पण खेळात नकाशाची जुनी प्रत गेलेली होती.

त्या आवृत्तीच्या मूळ संचात ३० विमानतळ कारागिरी करून, म्हणजे प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे रेखून बनवले होते. त्यांत भूतानचे पारो होते, नेपाळचे लुक्ला होते. भारतातला एकही नव्हता, आणि जास्त पैसे मोजून मिळणाऱ्या वरच्या दोन आवृत्त्यांतही नव्हता. कोणताही सिम्युलेटर सगळीकडे सारखाच अपुरा नसतो: सिएटलचा खेळाडू घराजवळ उडतो तेव्हा त्याच्या वाट्याला सर्वांत घोटलेला भाग येतो आणि डोंबिवलीकराच्या वाट्याला यंत्राचा अंदाज, मग किंमत दोघांनी पूर्ण मोजलेली का असेना.

याचा दोष एकट्या निर्मात्यावर टाकणे मात्र योग्य नाही. भारतात हवाई छायाचित्रण आणि नकाशे यांवर दीर्घकाळ सरकारी परवानग्यांचा पहारा होता. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नियम बरेच सैल केले, तरी आडव्या मापात १ मीटर आणि उभ्या मापात ३ मीटर यांपेक्षा बारीक माहिती गोळा करण्याचा व साठवण्याचा अधिकार भारतीय संस्थांपुरताच ठेवला. गूगलला जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची छायाचित्रे दाखवण्याची सेवा मुंबई, पुणे, नाशिकसह दहा शहरांत सुरू करायची होती, तेव्हा त्यासाठी मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांशी हातमिळवणी करावी लागली.

उंचीच्या माहितीचेही असेच आहे. अनेक सिम्युलेटरांचा पाया फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवर आहे, जीत जमिनीची उंची सुमारे ३० किंवा ९० मीटर अंतरांवर नोंदलेली असते. सपाट भातशेतीला एवढे पुरते. मलंगगडासारखा अरुंद, ताशीव माथा मात्र दोन नोंदींच्या मधे सापडला की त्याचे टेंगूळ होते, आणि कल्याणच्या आकाशात दिशा ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हरवते. त्याच परिसरातल्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे, जिच्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले. सिम्युलेटरच्या विमानतळांच्या यादीत अशी बंद धावपट्टी सहसा नसते. उपग्रहचित्रात ती दिसली तरी प्रणालीच्या लेखी ते नुसते माळरान.

हे सारे क्षम्य मानता येते. जे मानता येत नाही ते १९ नोव्हेंबर २०२४ रोजी घडले. त्या दिवशी आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ मध्ये विमाने, भूभाग आणि चित्रे यांचा मोठा भाग ग्राहकाच्या संगणकावर न ठेवता दूरच्या सर्व्हरवरून लागेल तसा पाठवण्याची रचना होती. त्यासाठी निदान १० आणि शिफारशीनुसार ५० मेगाबिट वेगाचे इंटरनेट हवे, असे सांगितले गेले. पहिल्याच दिवशी लोकांची इतकी झुंबड उडाली की माहिती पुरवणारा साठा कोलमडला, पडद्यावरचा भरणा ९७ टक्क्यांवर अडकून राहिला, आणि जे कसेबसे आत शिरले त्यांना काही विमाने किंवा त्यांचे भाग गायब दिसले. दोन लाख कृत्रिम वापरकर्ते सोडून चाचणी घेतली होती, असे निर्मात्यांनी नंतर चित्रफितीतून सांगितले. स्पष्टीकरण प्रामाणिक होते. पण ज्या खेळाची सर्व मदार सर्व्हरवर आहे, त्याच्या सर्व्हरला पहिल्या दिवसाची गर्दी न पेलणे म्हणजे खेळाचा गाभाच तयार नसणे, आणि याला पृथ्वीच्या अफाटपणाची सबब चालत नाही.

अर्धवट काम विकण्याची ही सवय इंटरनेटमुळे बळावली असली तरी तिची मुळे जुनी आहेत. ब्रूस आर्टविक यांचा पहिला सिम्युलेटर १९८० च्या सुमारास ॲपल २ वर आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने विकला, तेव्हा चकतीवर जे गेले ते गेले. चूक राहिली तर पुढची आवृत्ती विकत घेईपर्यंत ती तशीच. २००६ मध्ये आलेला ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ त्या काळच्या चांगल्या संगणकांवरही अडखळत चालायचा, आणि एकापेक्षा जास्त गाभे असलेल्या प्रोसेसरचा खरा उपयोग त्याला पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर करता आला. नंतर दुरुस्ती घरबसल्या पाठवता येऊ लागली, आणि तारीख पाळण्यासाठी काम पुढे ढकलणे फार स्वस्त झाले.

सगळे निर्माते हा प्रकार लपवत नाहीत. अमेरिकेतील लॅमिनार रिसर्चने ‘एक्स-प्लेन १२’ सप्टेंबर २०२२ मध्ये ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून, म्हणजे काम चालू असल्याची पाटी लावून विकायला काढला आणि डिसेंबरमध्ये ती पाटी उतरवली. पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा हवेचा जोर मोजण्याची त्याची मूळ पद्धत तोवर चांगली रुळलेली होती, त्यामुळे ग्राहक काय विकत घेतो आहे याचा अंदाज त्याला होता. तरी पाटी लावली म्हणजे सगळे माफ, असेही नाही. लढाऊ विमानांच्या ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये जून २०२३ पासून असेच विकले जाणारे एफ-१५ई विमान २०२४ मध्ये राझबॅम हा त्याचा निर्माता आणि ईगल डायनॅमिक्स ही मूळ कंपनी यांच्या पैशांच्या वादात सापडले, काम थांबले, आणि पैसे मोजलेले ग्राहक अर्धवट विमान घेऊन बसले. ज्या डोंबिवलीत भोगवटा प्रमाणपत्राविना, म्हणजे ओसीविना, ताबा घेतलेल्या कुटुंबांना पुढची कित्येक वर्षे महापालिका आणि बिल्डर यांच्यामध्ये हेलपाटे घालावे लागतात, तिथल्या वाचकाला ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की सिम्युलेटरला ओसी देणारी महापालिकाच नसते. काम झाले की नाही, हे विकणाराच ठरवतो.

वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरला मात्र असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, अशा यंत्राची चाचणी घेते. खऱ्या विमानाच्या उड्डाणातून मिळालेल्या नोंदींशी त्याचे वागणे ताडून पाहिले जाते, आणि ही तपासणी ठरावीक मुदतीने पुन्हा होते. तिथेही चूक निसटते: बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन भीषण अपघातांनंतर मे २०१९ मध्ये त्या विमानाच्या सिम्युलेटरच्या प्रणालीत दुरुस्ती केल्याचे बोइंगला सांगावे लागले. पण तिथे मंजूर काय झाले आणि कधी, हे कागदावर असते. घरगुती खेळाच्या खरेदीदाराला याहून पुष्कळ कमी पुरेल, पण तेही मिळत नाही. स्टीम या दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळ दोन तासांहून कमी चालवला असेल तर पैसे परत मिळतात; २०२० च्या खेळात कित्येकांचे हे दोन तास खेळाच्या आतून होणाऱ्या प्रचंड डाउनलोडमध्येच खर्ची पडत होते.

खऱ्या विमानवाहतुकीचे नकाशेही कधी पुरे होत नाहीत. धावपट्ट्या, मार्ग आणि रेडिओ लहरी यांची अधिकृत माहिती जगभर दर २८ दिवसांनी, आधीच जाहीर केलेल्या तारखेला बदलते, आणि चांगले सिम्युलेटरही ती घेतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या आणि २५ डिसेंबरपासून विमाने सुटू लागलेल्या नवी मुंबई विमानतळावर याची गंमत होऊ शकते. तिथे धावपट्टीसाठी उलवे टेकडी फोडली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. ज्या सिम्युलेटरची छायाचित्रे आणि उंचीच्या नोंदी त्याआधीच्या आहेत, त्यात नव्या यादीतली धावपट्टी जुन्या टेकडीवर चढवावी लागते. ती जमीन सपाट करण्याचे काम बहुधा हौशी खेळाडू करतात. ‘एक्स-प्लेन’ने तर त्यासाठी रीतसर दारच उघडले आहे: तिथे कोणीही आपल्या गावचा विमानतळ विनामूल्य रेखून पाठवावा, कंपनी तो तपासून पुढच्या आवृत्तीत घालते, आणि ती आवृत्ती नव्या ग्राहकाला पूर्ण किमतीत विकते.