लेकराला घेऊन मोठ्या हॉटेलात उतरताना

म्हसा, मुरबाड, शहापूरकडचे आपले कुटुंब मुंबईला मुक्कामी गेले की उतरायचे कुठे, हा प्रश्न पूर्वी पडतच नसे. वरळीला, नायगावला नाहीतर ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळीत कोणीतरी मामा, आत्या, चुलते असायचेच. १६० चौरस फुटांची खोली, तीत आधीच सहा-सात माणसे, वर गावाकडची चार. तरी कोणी कोणाला नाही म्हटले नाही. मुले गॅलरीत पथारीवर झोपली. त्या खोल्यांचे आपल्या समाजावर फार उपकार आहेत.

आता चाळी पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या इमारतीत पाहुण्यांना खाली वहीत नाव लिहावे लागते, आणि चार दिवस गॅलरीत झोपण्याची सोयही तिथे नाही. दुसरीकडे आपली मुले शिकली, बँकेत, रेल्वेत, कंपनीत लागली. दहा वर्षांतून एकदा का होईना, लहान मुलांना घेऊन शहरातल्या चांगल्या, मोठ्या, मोकळ्या हॉटेलात दोन दिवस राहावे असे त्यांना वाटते. साठवलेल्या पैशांत ते बसतेही. तरी काचेच्या दारापाशी पाय अडखळतो. ‘आपल्याला तिथे कोण विचारणार?’ असे घरातली वडीलधारी म्हणतात आणि बेत बारगळतो.

हे अडखळणे उगाच आलेले नाही. बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि थोरल्या बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, खिशात भाड्याचे पैसे. पण जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली. डब्यात जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले रात्री उपाशीच झोपली. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा दिवसाला दीड रुपया देऊन पारशी सरायीत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन्ही वेळा पैसे देण्याची तयारी होती. जागा मिळाली नाही ती माणुसकी नव्हती म्हणून.

अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांचीही हीच गत होती. त्यांना कुठे उतरता येईल याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघू लागले. मुलांना घेऊन दूरचा प्रवास करणारे ते गाडीत जवळ ठेवत. जुलै १९६४ मध्ये तिथे नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याविरुद्ध अटलांटाच्या एका २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक न्यायालयात गेला, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला तो हरला. आपल्याकडे हे त्याच्या किती आधी झाले ते पाहा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. तेव्हा काचेच्या दारातून सरळ आत जावे. तिथला दरवान दार उघडतो ते त्याचे काम म्हणून. आपण ओशाळायचे कारण नाही.

आता हॉटेल निवडायचे कसे? आपण नाव आणि फोटो पाहून भुलतो. मूल बरोबर असेल तर आधी जागा विचारावी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत पंचतारांकित हॉटेलच्या खोलीला न्हाणीघर सोडून किमान २०० चौरस फुटांची अट आहे. म्हणजे चाळीच्या खोलीहून ४० फूटच जास्त! त्यात मोठा पलंग, टेबल, दोन खुर्च्या. वर ‘एक्स्ट्रा बेड’ मागितला की तो जमिनीवरचीच जागा खातो, आणि रांगणाऱ्या मुलाला हातपाय हलवायला उरत नाही. म्हणून फोनवर सरळ विचारावे: ही खोली किती चौरस फूट, आणि तो आकडा न्हाणीघर धरून की सोडून? जादा पलंग टाकल्यावर चालायला वाट राहते का? एकाच हॉटेलात सगळ्या खोल्या सारख्या नसतात. अपोलो बंदरचे ताज १९०३ साली उघडले, त्याचा उंच मनोरा १९७० नंतरचा. जुन्या इमारतीतली आणि मनोऱ्यातली खोली वेगळी. नाव एक म्हणून जागा एक असे समजू नये.

आजी-आजोबाही बरोबर असतील तर दोन खोल्या घेणे भाग पडते. तेव्हा ‘शेजारची खोली’ आणि ‘आतून दार असलेली खोली’ यांतला फरक लक्षात ठेवावा. शेजारची म्हणजे मधे भिंत. रात्री मूल रडले तर आजीला बाहेर येऊन दार वाजवावे लागणार. आतले दार हवे असेल तर आरक्षणाच्या वेळीच सांगून लिहून घ्यावे. ऐनवेळी ते मिळेलच असे नाही.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे आईने खोली फिरून पाहावी. खिडकी उघडते का, कडी मुलाच्या हाताला येते का, गॅलरीच्या गजांत केवढे अंतर आहे. चहाची विजेची किटली उंचावर ठेवावी. टबाच्या नळाला गरम पाणी एकदम येते, म्हणून मुलाला आत सोडण्याआधी आपला हात घालून पाहावा. काचेचे टेबल कोपऱ्यात सरकवायला सांगितले तर माणूस येऊन सरकवतो. खाण्याची फार चिंता नको. यादीत नसली तरी लहान मुलासाठी मऊ खिचडी किंवा साधा वरण-भात बहुतेक मोठ्या हॉटेलांत करून देतात, दूधही गरम करून मिळते. फक्त भाव आधी विचारावा.

ठिकाणही विचार करूनच घ्यावे. मुलांना चैत्यभूमी आणि हिंदू कॉलनीतले राजगृह दाखवायचे असेल तर दादर, परळ, वरळीच्या बाजूचे हॉटेल बरे. आपण म्हशाहून एस.टी.ने येऊन कल्याणला लोकल धरतो. विमानतळाजवळच्या हॉटेलांसाठी घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका किंवा विमानतळ मार्ग गाठता येतो. खोली मात्र दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने निघालेल्यांचे मूल दिवाणखान्यात कंटाळून रडते. सामान तिथे ठेवून घेतात, तेवढा वेळ बाहेर फिरून यावे.

पैशाचे म्हणाल तर, सांगितलेला दर हा शेवटचा दर नसतो. सप्टेंबर २०२५ पासून रोजचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आणि त्यावर असेल तर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, पण ७,६०० ची ८,९६८ ला! दोनशे रुपयांच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात. व्यापारी भागातली हॉटेले शनिवार-रविवारी बहुधा स्वस्त असतात. मुलाचे वय किती वर्षांपर्यंत फुकट धरतात आणि त्याच्या नाश्त्याचे वेगळे घेतात का, हे प्रत्येक हॉटेलात निराळे. आत शिरताच अनामत म्हणून काही रक्कम मागतात किंवा कार्डावर अडकवून ठेवतात. ती धरूनच पैसे न्यावेत, नाहीतर काउंटरवर नवरा-बायकोची कुजबूज सुरू होते. प्रौढांचे ओळखपत्र लागतेच, मुलांचे आधार कार्डही जवळ असू द्यावे. सरकारी नोकरांनी हेही ध्यानात घ्यावे की रजा प्रवास सवलतीत भाडे मिळते, मुक्कामाचा खर्च मिळत नाही. आणि कर्ज काढून ही हौस करू नये, हे मी स्पष्ट सांगतो. आजारी मुलाला टाटा रुग्णालयात आणले असेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हाच खरा निवारा. हॉटेलचा विचार तिथे नको.

बिल निघण्याच्या आदल्या रात्रीच मागून घ्यावे आणि ओळ न् ओळ वाचावी. खोलीतल्या छोट्या फ्रीजमधले चॉकलेट मुलाने खाल्ले असेल तर ते त्यात येणारच. जेवणावर ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरले. तो लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.