करडई विकून पामोलिन आणताय? तेलाचा पुडा एकदा वाचा

आज फवारणीचा मेसेज नाही, स्वयंपाकघरातल्या तेलाचा आहे.

मागे आपल्या एका सभासदाला अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. परवा केंद्रावर भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर कोलेस्ट्रॉल वाढलंय म्हणतात, पण आमच्या घरी तर कोलेस्ट्रॉल फ्री तेल आहे!" पुड्याचा फोटो मागवला तर पामोलिन. आणि मार्चमध्ये याच काकांनी करडईचे कट्टे आपल्याकडे घातले होते.

मी डॉक्टर नाही, पण तेलबिया आपला विषय आहे म्हणून लिहितो.

"कोलेस्ट्रॉल फ्री" हे खोटं नाही, पण त्याला अर्थ नाही. कोलेस्ट्रॉल दूध-तूप, अंडी, मटण यांत असतं. बियांच्या कुठल्याच तेलात ते नसल्यात जमा. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलं लिव्हरच बनवतं, आणि जादा झालेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, रक्तातून परत ओढूनही घेतं. खाण्यात सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की ही ओढ मंदावते. मग एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं. ड्रीपच्या नळीत क्षार बसतात तसंच समजा, फक्त इथे अ‍ॅसिड सोडून नळी धुता येत नाही. साचलेला थर फुटला की तिथे रक्ताची गाठ होते, तोच अटॅक.

आता आकडे बघा. १०० ग्रॅम तेलात सॅच्युरेटेड फॅट साधारण असं: करडई १० पेक्षा कमी, सोयाबीन १५, शेंगदाणा १७ ते २०, पामोलिन ४० च्या वर. वनस्पती तूप शक्यतो घरात आणूच नका.

म्हणून *पुढचं नाव सोडा, पुडा उलटा करा.* मागे बारीक अक्षरात तेलाचं नाव असतं. मिश्र तेल असेल तर कुठलं किती टक्के तेही छापावं लागतं. सुटं तेल घेऊ नका, त्यात काय आहे ते कळायला मार्ग नाही.

करडई म्हणजे औषध नव्हे, हेही सांगतो. तिच्यात ओमेगा-३ नावालाच असतं. त्यासाठी जवसाची चटणी खा. घाण्याचं करडई तेल फोडणीला छान, पण वड्या-भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही, मग ते कुठलंही असो.

आणि तेल चांगलं म्हणून जास्त ओतायचं नाही. चार माणसांत महिन्याला ५ लिटर संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम झालं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. रानात राबणाऱ्याला एकवेळ खपेल, दुकानावर बसणाऱ्याला जास्तच. ३ लिटरवर आणून बघा. वहिनी-मावशींनो, भाजीला तेल पळीने नको, चमच्याने मोजून घाला.

येत्या रब्बीत सोयाबीन निघाल्यावर थोडी करडई घरासाठी धरा. दाण्यात २८ ते ३२ टक्के तेल असतं, थोडं पेंडीत जातं. ती पेंड जनावरांना होते.

गोळी चालू असेल तर तेल बदललं म्हणून बंद करू नका. छातीत दाटून येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

घरच्या पुड्याच्या मागच्या बाजूचा फोटो याच नंबरवर पाठवा. कुठलं तेल आहे ते वाचून सांगतो.